डच कुटुंबांचं बोटीने स्थलांतर (१९४६ ते १९६९): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्न, ऑकलंड, टोरंटोकडच्या मराठी वाचकांचे प्रश्न बहुतेक एकाच वळणाचे असतात. शेजारच्या आजी, ऑफिसातले वरिष्ठ किंवा नव्या सुनेचे आजोबा डच निघतात, ‘आम्ही बोटीने आलो’ एवढंच सांगतात आणि विषय बदलतात. पुढचं कोणाला विचारायचं? त्यासाठी हे पान. एखाद्या उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे स्थलांतर नेमकं कधीचं, आणि किती लोकांचं?

दुसऱ्या महायुद्धानंतरचं. १९४६ ते १९६९ या काळात सुमारे पाच लाख लोकांनी नेदरलँड्स सोडलं. देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम एक कोटी होती, यावरून अंदाज यावा. सर्वांत जास्त लोक १९५२ साली गेले, एका वर्षात ४८ हजारांच्या आसपास. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया हे दोन मोठे मुक्काम. त्यानंतर अमेरिका, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. थोडे ब्राझीललाही गेले. एकोणिसाव्या शतकात मिशिगन आणि आयोवात जाऊन वसलेले डच वेगळे. त्यांची कारणं धार्मिक मतभेदांत आणि बटाट्याच्या रोगात होती, इथे तो विषय घेतलेला नाही.

२. एवढा श्रीमंत देश सोडून लोक का गेले?

तेव्हा तो श्रीमंत नव्हता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम भागातल्या शहरांत उपासमारीने सुमारे वीस हजार माणसं गेली. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. युद्ध संपलं तरी घरं नव्हती. लग्न झालेली जोडपी वर्षानुवर्षं आईवडिलांच्या माडीवर दिवस काढत होती. शेतकऱ्याला सात-आठ मुलं आणि जमीन एकालाच पुरेल एवढी. १९४९ च्या डिसेंबरात इंडोनेशिया ही डच वसाहत हातची गेली, म्हणजे धाकट्या मुलाला नोकरीसाठी पाठवायची जुनी वाटही बंद झाली. त्यात पुन्हा युद्ध पेटेल, या वेळी रशियाशी, ही धास्ती. १९४८ च्या एका जनमत चाचणीत जवळपास एक तृतीयांश लोकांनी देश सोडायची तयारी दाखवली होती.

१ फेब्रुवारी १९५३ च्या पुरामुळे लोक गेले, असं पुष्कळदा छापलं जातं. त्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं बुडाली आणि त्यानंतर काही कुटुंबं गेलीही. पण स्थलांतराचं शिखर त्याच्या आदल्या वर्षीचं आहे. पुराची गोष्ट सांगायला सोपी आहे, म्हणून ती टिकली, एवढंच.

३. सरकारने पाठवलं, की लोक आपणहून गेले?

दोन्ही. सक्ती कोणावर नव्हती, पण सरकारला लोक जायला हवेच होते. पंतप्रधान विलेम ड्रेस यांनी १९५० च्या नववर्षाच्या भाषणात उघडच सांगितलं, की आपल्यातल्या काहींनी पूर्वजांसारखं धाडस करून मोठ्या मुलखात भवितव्य शोधावं. पुढे १९५२ मध्ये स्थलांतराच्या यंत्रणेसाठी स्वतंत्र कायदा झाला. प्रत्येक पंथाचं आपलं कार्यालय होतं. कॅथलिकांनी कॅथलिक संस्थेकडे जायचं, प्रोटेस्टंटांनी आपल्या. डच समाजात तेव्हा शाळा, वर्तमानपत्र, कामगार संघटना सगळंच पंथानुसार वेगळं असे, तेव्हा परदेशी जाण्याची रांगही वेगळी असावी यात नवल नाही.

या स्थलांतराची गोष्ट समुद्राची म्हणून सांगतात. माझ्या मते ती आधी सरकारी फायलीची आहे. अर्ज, मुलाखत, डॉक्टरी तपासणी, अनुदानाचा हिशोब, बोटीवरची जागा, तिकडचं काम: प्रत्येक टप्प्यावर शिक्का होता. पुढची बरीच उत्तरं या फायलीतूनच निघतात.

४. तिकिटाचे पैसे कोण भरायचं?

बहुतेकांच्या बाबतीत बराचसा भाग सरकार. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार १ एप्रिल १९५१ पासून लागू झाला. त्यात दोन्ही सरकारं वाटा उचलत आणि उरलेला कुटुंबाने ऐपतीप्रमाणे भरायचा. त्या बदल्यात दोन वर्षं ऑस्ट्रेलियात राहायची अट होती. आधी परतायचं असेल तर मदतीची रक्कम परत करावी लागे (प्रश्न १४).

५. मग पैसा नसलेली माणसं एवढी मोठमोठी खोकी घेऊन कशी गेली?

परकीय चलनाची टंचाई होती, म्हणून पैसे बाहेर न्यायला कडक मर्यादा होती. मात्र वस्तू नेता येत. तेव्हा घर-गाय विकून आलेल्या गिल्डरांच्या (तेव्हाचं डच चलन) लोकांनी वस्तू केल्या: दहा वर्षं पुरतील इतक्या चादरी, शिवणयंत्र, सायकली, हार्मोनियम, मुलांना पुढे होतील असे बूट. हे सगळं खोलीएवढ्या लाकडी पेटाऱ्यात जायचं. पेटारा बोटीच्या पोटात आणि कुटुंब वर. मुक्कामी पोचल्यावर पेटाराही वाया जात नसे. कॅनडात कित्येकांनी त्याचं कोंबड्यांचं खुराडं केलं, काहींनी घराला जोडून आणखी एक खोली काढली.

६. कोणत्या देशात जायचं, हे कसं ठरायचं?

देश कुटुंबाला निवडायचा, कुटुंब देशाला नव्हे, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. कॅनडाला शेतकरी आणि शेतमजूर हवे होते, आणि पोरवडा मोठा असला तरी चालायचं, कारण कामाला हात जास्त. अट एकच, तिकडच्या शेतकऱ्याने आधी जबाबदारी घेतली पाहिजे. असे यजमान शोधायचं काम बरंचसं चर्चच्या माणसांनी केलं. ऑस्ट्रेलियाला सुतार, गवंडी, कारखान्यातले कारागीर लागत होते. न्यूझीलंडने सुरुवातीला अविवाहित तरुण-तरुणींना पसंती दिली, कारण तिथेही घरांची टंचाई होती.

कॅनडाची ओढ निव्वळ हिशोबाची नव्हती. नेदरलँड्सची मुक्तता करणाऱ्या फौजांत कॅनडाचे सैनिक पुढे होते आणि राजकन्या मारग्रीटचा जन्म १९४३ साली ओटावातच झाला होता. कॅनडाच्या सैनिकांशी लग्न करून गेलेल्या डच मुली तर सर्वांच्या आधी पोचल्या.

ब्राझीलचं उदाहरण धडा शिकवणारं आहे. १९४८ साली साओ पावलो राज्यात कॅथलिक शेतकऱ्यांनी होलांब्रा वसवलं. सोबत नेलेल्या जातिवंत गाई तिकडच्या रोगांनी मेल्या. शेवटी फुलशेतीने त्यांना हात दिला. आज ते गाव ब्राझीलच्या फुलबाजाराचं मोठं केंद्र आहे.

७. नकार कशामुळे मिळायचा?

मुख्य अडथळा छातीच्या एक्स-रेचा. क्षयाचा डाग एका मुलाच्या फोटोत दिसला तरी अख्ख्या कुटुंबाची फाइल अडायची. वय, धंदा आणि युद्धकाळात जर्मनांना साथ दिली होती का, हेही तपासत. त्वचेच्या रंगावरून मिळालेल्या नकारासाठी प्रश्न १२ पाहा.

८. बोटी कोणत्या होत्या? आता त्या कुठे आहेत?

‘वाटरमन’, ‘ग्रोते बेअर’ आणि ‘झाउडरक्राउस’ ही तीन नावं घरोघरी ऐकू येतात. अमेरिकेने युद्धासाठी घाईने बांधलेल्या या मालवाहू बोटी डच सरकारने विकत घेतल्या. आधी त्यांतून इंडोनेशियात सैन्य गेलं, मग स्थलांतरित. ‘वाटरमन’ जून १९४७ मध्ये हजाराहून जास्त शेतकरी मंडळींना घेऊन रॉटरडॅमहून कॅनडाला निघाली, तो या लाटेचा आरंभ मानतात. याखेरीज ‘सिबायाक’, ‘फोलेंडाम’, ‘योहान फान ओल्डनबार्नेवेल्ट’, ‘विलेम राउस’ अशा जुन्या-नव्या प्रवासी बोटी होत्या.

शेवटच्या दोघींचं पुढे काय झालं, ते सर्वांना ठाऊक आहे, फक्त नावं बदललेली. ‘योहान फान ओल्डनबार्नेवेल्ट’ ही ‘लाकोनिया’ झाली आणि डिसेंबर १९६३ मध्ये सहलीवर असताना जळाली. १२८ जण गेले. ‘विलेम राउस’ म्हणजेच १९८५ साली अतिरेक्यांनी ताब्यात घेतलेली ‘अकिले लाउरो’. तीही १९९४ मध्ये सोमालियाजवळ आग लागून बुडाली.

९. प्रवास किती दिवसांचा आणि कोणत्या वाटेने?

कॅनडा आठ-दहा दिवसांत. ऑस्ट्रेलियाला साधारण पाच आठवडे, न्यूझीलंडला पाच-सहा. ऑस्ट्रेलियाची नेहमीची वाट पोर्ट सैद, सुएझ, एडन, कोलंबो आणि मग फ्रीमँटल, मेलबर्न, सिडनी अशी. १९५६ च्या शेवटी सुएझ कालवा बंद पडला तेव्हा बोटी आफ्रिकेला वळसा घालून केपटाउनवरून गेल्या. म्हणून ‘आम्ही टेबल माउंटन पाहिला’ असं कोणी म्हणालं, तर आधी साल विचारा. न्यूझीलंडच्या काही बोटी पनामा कालव्यातून जात.

१०. बोटीवरचे दिवस कसे असत?

आठवणी दोन तऱ्हेच्या आहेत, आणि त्या सांगणाऱ्याच्या वयावर ठरतात.

मुलांसाठी ती आयुष्यातली सर्वांत मोठी सुट्टी होती. डेकवर धिंगाणा, रोज आइस्क्रीमची आशा, पोर्ट सैदला होड्यांतून येऊन दोरीला टोपल्या बांधून माल विकणारे फेरीवाले, आणि विषुववृत्त ओलांडताना दाढीवाला समुद्रदेव नेपच्यून येऊन सगळ्यांना पाण्यात बुचकळणार ही भीती.

आयांची आठवण वेगळी. सैनिकांसाठी केलेल्या बोटींत कुटुंबाला एक खोली मिळेलच असं नव्हतं. पुरुष एका दालनात, बायका-मुलं दुसऱ्या, बंक एकावर एक. लहान मूल रात्री उलटी करतंय आणि नवरा बोटीच्या दुसऱ्या टोकाला. तांबड्या समुद्रात पत्रा तापला की खाली झोपणं अशक्य, लोक चादरी घेऊन डेकवर यायचे. जेवण पाळ्यांमध्ये. दुपारी इंग्रजीचे वर्ग भरत, पण मांडीवर पोर असलेली बाई त्या वर्गात किती दिवस टिकणार? ही गोष्ट तेव्हा किरकोळ वाटली, तिचे परिणाम पुढे तीस वर्षं दिसले (प्रश्न १३).

११. उतरल्यावर पहिल्या दिवशी काय व्हायचं?

कॅनडात बहुतेक बोटी हॅलिफॅक्सच्या ‘पिअर २१’ला लागत. हा धक्का १९२८ ते १९७१ चालू होता, आज तिथे स्थलांतराचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. कागदपत्रं तपासली की आगगाडी, आणि मग ऑन्टेरिओ किंवा थेट अल्बर्टा. तिथे यजमान शेतकऱ्याने काय दिलं, हे नशिबावर. कोणाला नीट घर मिळालं, कोणाला साफ करून चुना मारलेलं खुराडं. अल्बर्टात बीटाच्या शेतात सगळं कुटुंब रांगेने खुरपायला लागे. टोरंटोच्या उत्तरेला हॉलंड मार्श इथे १९३४ पासूनच डच भाजीवाले होते, त्या काळ्या दलदलीच्या जमिनीतून आजही गाजर-कांदा येतो.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या धक्क्यावरून आगगाडी निघायची ती बोनेगिलाला. हे ह्यूम सरोवराकाठचं लष्कराचं जुनं ठाणं. १९४७ ते १९७१ मध्ये निरनिराळ्या देशांचे तीन लाखांवर लोक तिथून गेले. लाकडी-पत्र्याच्या बराकी, हिवाळ्यात गारठा, उन्हाळ्यात भट्टी. आणि ताटात मेंढी. डच माणसाला मेंढीचं मटण सवयीचं नाही, आणि बोनेगिलात ते सकाळ-संध्याकाळ. पन्नास वर्षांनंतरही त्या वासाची तक्रार करणारी माणसं आहेत. काम मिळेपर्यंत मुक्काम तिथेच. कधी नवऱ्याला काम दूर मिळे आणि बायको-मुलं छावणीतच राहत.

टास्मानियातल्या किंग्स्टनला मात्र नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या ग्रोनिंगेनमधलं एक टोळकं आपली बांधकाम कंपनी काढून स्थिरावलं. त्यांच्या वस्तीला लोक ‘लिटल ग्रोनिंगेन’ म्हणू लागले.

१२. इंडोनेशियात जन्मलेल्या डच कुटुंबांनाही हेच नियम होते का?

कागदावर हो, प्रत्यक्षात नाही. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर सुमारे तीन लाख लोक नेदरलँड्सला आले. त्यांत बरेच मिश्र वंशाचे, ज्यांना ‘इंडो’ म्हणतात. पासपोर्ट डच, पण ऑस्ट्रेलियाचं धोरण तेव्हा गोऱ्यांपुरतं होतं. अर्जदार किमान पंचाहत्तर टक्के युरोपीय वंशाचा असावा आणि तसा दिसावाही, अशी कसोटी लावत. सख्ख्या भावंडांपैकी एकाला होकार आणि रंगाने सावळ्या दुसऱ्याला नकार, असंही होऊ शके. डच सरकारला हे माहीत होतं, तरी करार चालू राहिला.

अनेक इंडो कुटुंबं मग अमेरिकेला गेली. १९५८ च्या पास्टोर-वॉल्टर कायद्याने त्यांना खास जागा मिळाल्या, आणि कॅलिफोर्नियात मोठी वस्ती झाली. गिटारवादक एडी व्हॅन हेलनची आई इंडो होती. हे कुटुंब १९६२ साली बोटीनेच अमेरिकेला गेलं.

१३. आमच्या डच शेजाऱ्यांची मुलं डच अजिबात बोलत नाहीत. असं का?

कारण तसं सांगितलंच होतं. शिक्षक सांगत, घरी इंग्रजी बोला. पाद्री सांगत, लवकर मिसळा. ऑस्ट्रेलियात आलेल्या मोठ्या स्थलांतरित गटांत घरची भाषा सर्वांत लवकर सोडणारे म्हणून डचांची नोंद झाली आहे, आणि सरकारला त्याचं कौतुकही होतं. ‘अदृश्य स्थलांतरित’ असं त्यांना म्हणत, आणि ती शाबासकी समजली जाई.

किंमत घरात बसलेल्या बाईने मोजली. नवरा कामावर इंग्रजी शिकला, मुलं शाळेत, आणि ती दिवसभर गावाबाहेरच्या घरात एकटी. आईवडिलांना निळ्या हवाई पत्रावर लिहायचं ते सगळं छान चाललंय असंच. आता त्या पिढीचं वय झालं आहे. स्मृतिभ्रंशात मागून शिकलेली भाषा आधी विसरते, तेव्हा आई डचमध्ये बोलते आणि साठीतल्या मुलाला कळत नाही. डच बोलणारे कर्मचारी असलेले वृद्धाश्रम कॅनडा-ऑस्ट्रेलियात निघाले, ते या गरजेतून. कॅनडात ब्रॅम्प्टनचं ‘हॉलंड ख्रिश्चन होम्स’ त्यांपैकी एक.

भाषा गेली तरी ५ डिसेंबरचा सिंटरक्लासचा सण, पावावरचे चॉकलेटचे कण आणि खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्या टिकल्या. जीभ शब्द विसरते, चव नाही विसरत, हे आपल्याकडच्या परदेशी नातवंडांना मेतकूट-भात मागताना पाहिलेल्यांना सांगायला नको.

१४. किती जण परत गेले?

बरेच, विशेषतः ऑस्ट्रेलियातून. परतणाऱ्यांची गोष्ट दोन्ही सरकारांना अडचणीची होती, म्हणून ती फारशी सांगितली गेली नाही. कारणं बहुधा बायकोचं घरासाठी झुरणं, घर न मिळणं, किंवा तिकडच्या आईचं आजारपण. काही परत गेले, वर्षभरात कंटाळले आणि स्वतःच्या पैशाने पुन्हा आले. हे वाटतं त्याहून जास्त वेळा घडलं आहे. म्हणून नोंदी शोधताना एकाच माणसाचे दोन प्रवास सापडले तर दचकू नका.

१५. लाट थांबली कशी?

नेदरलँड्सची भरभराट झाली. १९५९ मध्ये ग्रोनिंगेनमध्ये प्रचंड नैसर्गिक वायू सापडला, मजुरी वाढली, आणि दहा वर्षांपूर्वी माणसं बाहेर पाठवणारा देश तुर्कस्तान (१९६४) आणि मोरोक्कोशी (१९६९) कामगार आणण्याचे करार करू लागला.

१६. आजोबा विमानाने आले होते. ते यात धरायचे का?

हो. अनुदान, अटी सारख्याच. बोटी कमी पडत म्हणून विमानंही लावली जात. ऑक्टोबर १९५३ च्या लंडन-क्राइस्टचर्च शर्यतीत केएलएम या डच कंपनीच्या विमानात तर स्थलांतरितच बसले होते.

१७. डच आजीमुळे आपल्याला डच नागरिकत्व मिळू शकतं का?

इथे घाई करू नका, सगळं तारखांच्या क्रमावर आहे. आजोबांनी ऑस्ट्रेलियाचं किंवा कॅनडाचं नागरिकत्व घेतलं त्या दिवशी त्यांचं डच नागरिकत्व गेलं, आणि सोबतच्या अल्पवयीन मुलांचंही सहसा गेलं. त्यानंतर जन्मलेलं मूल वडिलांकडून डच होत नाही. आधी जन्मलं असेल तर जन्मतः डच होतं, पण दोन नागरिकत्वं असलेल्यांना परदेशात ठरावीक वर्षं राहिल्यावर डच हक्क गमवावा लागतो. ही मुदत दहा वर्षांची होती, १ एप्रिल २०२२ पासून तेरा झाली.

अपवाद महत्त्वाचा: १ जानेवारी १९८५ पूर्वी डच आई आणि परदेशी वडील यांच्या पोटी जन्मलेल्यांना तेव्हा आईचं नागरिकत्व मिळत नसे. १ ऑक्टोबर २०१० पासून त्यांना ते अर्ज करून घेता येतं. आईने बाळाच्या जन्मावेळी डच नागरिकत्व टिकवलेलं असलं पाहिजे.

१८. आणि डच पेन्शन?

नेदरलँड्समध्ये विमा असलेल्या प्रत्येक वर्षामागे दोन टक्के या हिशोबाने मिळतं, परदेशी नागरिकत्व असलं तरी. योजना १ जानेवारी १९५७ ला सुरू झाली. त्याआधीची वर्षं सरसकट धरत नाहीत, तिथे त्या त्या देशाशी झालेला करार पाहावा लागतो. चौकशी ‘एसव्हीबी’ या डच संस्थेकडे करायची.

१९. वेंगुर्ल्याची डच वखार या स्थलांतराचीच का?

नाही. ती सतराव्या शतकातल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची, आदिलशाहीच्या परवानगीने झालेली. तिथे व्यापारी होते, वसाहत करायला आलेली कुटुंबं नव्हेत.

२०. नोंदी कुठे शोधायच्या? नाव सापडतच नाही.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात प्रवासी याद्या, निवडीची कागदपत्रं आणि बोनेगिलाची फोटो लावलेली कार्डं आहेत. ऑस्ट्रेलियात गेलेल्या कुटुंबांची डच अधिकाऱ्यांनी ठेवलेली कार्डं हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नोकऱ्या, पत्ते, कधी कधी ‘बायको खूश नाही’ अशा धाटणीचे शेरेही त्यांत असतात. कॅनडातल्या १९३५ नंतरच्या आगमनाच्या नोंदी मात्र इमिग्रेशन खात्याकडे आहेत, त्यासाठी रीतसर अर्ज लागतो.

नाव न सापडण्याची नेहमीची कारणं तीन. फान डेन बेर्ग हे आडनाव डच यादीत ‘बी’खाली असतं, ऑस्ट्रेलियात ‘व्ही’खाली. विवाहित बाई डच कागदांत माहेरच्या नावाने असते. आणि पहिलं नाव बदललेलं असतं: हेन्ड्रिकचा हेन्री, गेरिटचा गॅरी, कोर्नेलिसचा नील किंवा केसी. यान (Jan) नावाचे पुरुष तर बहुतेक सगळे जॉन झाले, कारण इंग्रजीत ती अक्षरं बाईच्या नावाची. ‘ईझीबीट्स’ या सिडनीच्या गाजलेल्या बँडमधला हॅरी वांडा कागदोपत्री योहानेस फान्डेनबेर्ग आहे. तेव्हा घरच्यांनी सांगितलेल्या नावाऐवजी जन्मतारखेवरून शोध सुरू करा, आणि बोटीचं नाव आठवत असेल तर याद्या त्या नावाने चाळा.